भाऊजींचं तांबं

तांब्याचा भाव का वाढला हे वाढल्यानंतर सांगणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. आधी सांगणारा एखादाच, आणि तोही बहुतेक वेळा तोंडघशी पडतो. या धंद्यात टिकतो तो तिसराच कुणी: आपण चुकलो हे लवकर ओळखून गुमान बाजूला होणारा. धाकटा त्या तिसऱ्या प्रकारातला निघाला म्हणून मोठा झाला. आणि त्याच गुणापायी बहिणीचा कारखाना बुडाला, हे त्याला आजपर्यंत पचलेलं नाही.

घरात त्याला धाकटा म्हणत. ऑफिसात एकदा ताईचा फोन दुसऱ्याच कुणी उचलला, तिने "धाकटा आहे का?" विचारलं, आणि तेव्हापासून तिथेही तेच नाव चिकटलं. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता. ताईचं लग्न झालं तसा तिच्या ट्रंकेमागोमाग तोही भाऊजींच्या घरी राहायला आला. "एकावर एक फुकट मिळालाय," भाऊजी आल्यागेल्याला सांगत, आणि सांगताना त्याच्या पाठीवर अशी थाप मारत की त्या फुकट वस्तूला खोकला यायचा.

भाऊजींचा कारखाना म्हणजे घराच्या खालची लांबट खोली. तांब्याची जाड सळई एका बाजूने मशीनमध्ये शिरायची, लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढली जायची आणि दुसऱ्या बाजूला बारीक तार होऊन रिळावर गुंडाळली जायची. मग तिच्यावर प्लास्टिकचं आवरण चढलं की झाली केबल. जमीन तेलाने काळी पडलेली. संध्याकाळी झाडलं की केरातसुद्धा तांब्याचे तुकडे चमकायचे, आणि ताई तो केर चाळून घेतल्याशिवाय टाकू द्यायची नाही. चार कामगार होते आणि पाचवे स्वतः भाऊजी.

भाऊजींना एक खोड होती. कुठलीही गोष्ट धाकट्याला विचारल्याशिवाय ते करत नसत. तो नववीत होता तेव्हापासूनची गोष्ट ही. दारावर कुणी पंखा विकायला आला तर म्हणत, "थांबा हो, आमच्या अर्थमंत्र्यांना विचारतो." बँक कोणती, खिडकीला रंग कोणता, कामगाराला उचल द्यावी की नाही, सगळं अर्थमंत्र्यांकडे. सल्ला बरोबर निघाला तर गल्लीभर कौतुक, चुकला तर "सरकार म्हटलं की चालायचंच." आपलं असं हक्काचं कुणी नसलेल्या पोराला घरातलं मोठं माणूस जेव्हा रोज काहीतरी विचारतं, तेव्हा ते पोर वीतभर उंच होतं. धाकटा झाला. पुढे आयुष्यात त्याला बढत्या मिळाल्या, टाळ्या मिळाल्या, पण जेवताना भाऊजींनी घास हातात धरून "काय रे, तुला काय वाटतं?" म्हणण्यात जे होतं ते कशातच नव्हतं.

कॉलेज संपल्यावर मालाचे सौदे करणाऱ्या एका कंपनीत तो लागला. धातू, कापूस, साखर, कॉफी, असा सगळा पसारा. लागला म्हणजे लगेच सौदे करायला नव्हे. पहिलं वर्ष मागच्या बिनखिडकीच्या खोलीत गेलं. पुढे बसणाऱ्यांनी फोनवर जे तोंडी ठरवलं ते कागदाशी ताडून बघायचं, एवढंच काम. पण तिथेच तो धंदा शिकला. फोनवर एकदा "घेतलं" म्हटलं की घेतलं, मग जीभ घसरली होती म्हणून रडून उपयोग नाही. वायदा म्हणजे पुढच्या तारखेचा माल आजच्या भावाने बांधून ठेवणं. भाव आपल्या विरुद्ध गेला की दलाल लगेच जास्तीची अनामत मागतो, आणि ती वेळेत भरली नाही तर आपल्याला न विचारता सौदा मोडतो. हे सगळं तो रात्री घरी येऊन भाऊजींना सांगायचा. भाऊजी तेलकट हात पुसत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "म्हणजे आम्ही तार ओढतो आणि तुम्ही नुसतीच बोलून ओढता."

मागच्या खोलीतून त्याला पुढे आणलं कात्रीसाहेबांनी. धातूंच्या टेबलाचे हे प्रमुख. खरं नाव पगारपत्रकावर असेल, बाकी कुणाला त्याची गरज पडत नसे. कुणाचा सौदा तोट्यात जायला लागला की साहेब त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहत आणि एकच शब्द बोलत: "काप." कारणं ऐकून घेत नसत. "तोटा म्हणजे पाहुणा नव्हे, त्याला बस म्हणायचं नसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. नवीन मुलांकडून ते रोज सकाळी एक पान लिहून घेत, काल भाव का हलला यावर, आणि न वाचता फाडून टाकत. "कालचं सगळ्यांना कळतं. आज चुकलास तर किती लवकर मान्य करशील ते सांग."

धाकट्याला सुरुवातीला ते जमत नव्हतं. त्याला वाटे, थोडं थांबलं तर भाव वळेल. दोनदा थांबला, दोनदा तोंडावर आपटला, आणि सगळ्यांसमोर त्याची अशी बिनपाण्याने झाली की त्याने कानाला खडा लावला. मग मात्र तो कापायला शिकला. इतका शिकला, की पडद्यावर आपल्या नावापुढे लाल आकडा दिसला की त्याच्या अंगावर झुरळ चढल्यासारखं व्हायचं. झटकून टाकेपर्यंत चैन पडायचं नाही.

नेमकं त्याच सुमारास भाऊजींना आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. एका मोठ्या इमारतीला लागणारी सगळी केबल, भाव आज ठरवून, माल सहा महिन्यांनी. त्या रात्री ताई आनंदाने रडली. भाऊजींनी घास हातात धरला आणि विचारलं, "काय रे, घेऊ का? तांबं वाढलं तर मेलो."

"घ्या," धाकटा म्हणाला. "तेवढंच तांबं वायद्यात आजच घेऊन ठेवू. तांबं वाढलं तर माल महाग पडेल, पण वायद्यात तेवढेच पैसे मिळतील. तांबं पडलं तर वायद्यात जातील, पण माल तेवढाच स्वस्त मिळेल. तुम्ही आहात तिथेच राहाल."

"म्हणजे तराजू," भाऊजी म्हणाले. "एक पारडं खाली, एक वर. काटा मधोमध."

"अगदी."

"आणि आपण काय करायचं?"

"काहीच नाही. सहा महिने हात लावायचा नाही."

ही गोष्ट त्याला परीक्षेत विचारली होती आणि त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. दलालाकडे खातं भाऊजींच्या नावाने उघडलं, पण फोन करायचा अधिकार धाकट्याला दिला आणि कागदपत्रंही त्याच्याच ऑफिसच्या पत्त्यावर येऊ लागली. सही करताना भाऊजींनी एक ओळ वाचली नाही. "अर्थमंत्री आपल्या घरचेच आहेत," म्हणाले.

आणि तांबं पडायला लागलं.

तसं यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, हे कुणाही शहाण्या माणसाच्या लक्षात येईल. वायद्यात तोटा दिसत होता, पण भाऊजींना लागणारं खरं तांबं तेवढंच स्वस्त होत होतं. पण खरं तांबं पडद्यावर दिसत नाही. पडद्यावर दिसत होता फक्त लाल आकडा, आणि त्यापुढे भाऊजींचं नाव. दलालाने अनामत मागितली. भाऊजींनी "भरायचे ना? भरतो," म्हणून भरले. पुन्हा मागितली, पुन्हा भरले, आणि वर धाकट्याचीच समजूत घातली, "तू कशाला तोंड पाडतोस? तूच सांगितलंस ना असं होतं म्हणून." एवढ्या मोकळ्या मनाने त्यांनी भरले नसते, दोन शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. धाकट्याला वाटू लागलं की आपण या माणसाच्या खिशात हात घालतोय.

मग एका सकाळी बाजार धाडकन खाली आला. कंपनीचं तांबं धाकट्याच्या हातात होतं. खुर्चीमागे साहेब येऊन उभे राहायच्या आतच त्याने फोन उचलला आणि सगळं विकून टाकलं. साहेबांनी फक्त खांद्यावर बोट टेकवलं. एवढं कौतुक त्या खोलीत वर्षातून एखाद्यालाच मिळे. त्या बोटाची ऊब अजून खांद्यावर होती, फोन अजून हातात होता, आणि त्याच झपाट्यात त्याने भाऊजींच्या दलालाचा नंबर लावला. "तोही काप," म्हणाला.

फोन ठेवला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला होता, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. लाल आकडा गेला, खातं स्वच्छ झालं. आज घरी जाऊन सांगायचं, भाऊजी, तुमचं नुकसान थांबवलं! जिन्याने उतरताना, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, त्याचे पाय थांबले. थांबवलं काय? तराजूचं एक पारडं उचलून घरी नेलं होतं त्याने. केबलचा भाव ठरलेला तसाच ठरलेला होता आणि तांबं विकत घ्यायचं बाकी होतं. बाजाराची अक्षरओळख नसलेल्या माणसाने ही चूक केली नसती. त्याने घाबरून किंवा आळसाने सौदा तसाच पडू दिला असता आणि तरला असता. ही चूक करायला शिकावं लागतं, आणि धाकटा चांगला शिकला होता.

तरीही वेळ गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढंच तांबं परत घेतलं असतं तर फार तर किरकोळ खरचटलं असतं. पण रात्रीतून भाव थोडा वर आला होता. काल ज्या भावाने विकलं त्याहून वरच्या भावाने आज घ्यायचं, हे कुठल्याही सौदेवाल्याला घशाखाली उतरत नाही. कालच्या भावाला येऊ दे, मग घेतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. आठवड्याने भाव आणखी वर होता. आता घ्यायचं तर खात्यातली उरलेली रक्कम पुरणार नव्हती, म्हणजे भाऊजींकडे मागावी लागणार होती. मागायची तर कशासाठी ते सांगावं लागणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा उंटावरचा शहाणा. एकदा पडेल, असं म्हणत राहिला. कंपनीसाठी मात्र त्याने वळून तांबं घेतलं, कारण तिथे खुर्चीमागे साहेब उभे होते. भाऊजींच्या सौद्यामागे उभं राहायला कुणी नव्हतं. ते वरच्या खोलीत निवांत झोपलेले होते.

तांबं वाढतच गेलं. कुठे खाणीत संप झाला, कुठे गोदामं रिकामी निघाली. बातम्यांत रोज तांबं. एका रविवारी भाऊजींचे दोन धंदेवाले मित्र कारखान्यात येऊन बसले. दोघांचेही चेहरे उतरलेले, दोघांनीही ठरल्या भावाची कामं घेतलेली. भाऊजींनी चहा मागवला आणि धाकट्याला जिन्यावरून हाक मारून खाली बोलावलं.

"या माणसामुळे मी रात्री झोपतो," त्यांनी मित्रांना सांगितलं. "तुम्ही मला हसत होतात ना, मेव्हण्याला डोक्यावर बसवलाय म्हणून? बघा आता. काम घेतलं त्याच दिवशी बांधून ठेवलं याने माझं तांबं." मग धाकट्याकडे वळून, केवळ मित्रांना ऐकू यावं म्हणून, विचारलं, "काय रे, आपलं बरं आहे ना?"

एवढा एक क्षण होता. उशीर झाला होता, पण अगदीच झाला नव्हता. तेव्हा बोलला असता तर निम्मं तरी वाचलं असतं. दोघं मित्र हेव्याने बघत होते, भाऊजींचा चेहरा फुलला होता, आणि तो फुललेला चेहरा धाकट्याला मोडवेना.

"बरं आहे," तो म्हणाला, आणि चहा प्यायला.

तांबं विकत घ्यायची वेळ आली तेव्हा सांगावंच लागलं. तो मशीनपाशी उभा राहून बोलला. मशीन चालू होतं म्हणून अर्धं ऐकू गेलं नाही. भाऊजींनी ते बंद केलं आणि त्याला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. ऐकून झाल्यावर ते रिळावर बसले.

"कधी विकलंस म्हणालास?"

त्याने सांगितलं.

"म्हणजे ते लोक आले होते त्या रविवारी..."

"हो."

"विकलेलं होतं तेव्हा."

"हो."

भाऊजींनी मान हलवली. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. ताई जिन्यात उभी होती, तिने मात्र तोंडाला पदर लावला आणि वर निघून गेली. मग भाऊजी म्हणाले, "जेवून घे. ताटं वाढलेली असतील."

काम त्यांनी पुरं केलं. मित्रांपैकी एकाने हात वर केले होते, काम सोडून दिलं होतं. भाऊजींना तसं सुचवलं तर म्हणाले, "शब्द दिलाय." महाग तांबं घेऊन, स्वस्तात केबल ओढून, शेवटचं रीळ स्वतः टेम्पोत चढवून दिलं, आणि मग मशीन विकलं. चौघा कामगारांपैकी दोघांना त्यांनी त्याच मोठ्या कारखान्यात लावून दिलं जिथे पुढे स्वतःही मुकादम म्हणून लागले. खालची खोली एका टायरवाल्याने भाड्याने घेतली. ताईच्या घराला रबराचा वास येऊ लागला.

त्या वर्षाअखेरीस कंपनीच्या जेवणात कात्रीसाहेबांनी धाकट्याला उभं केलं आणि नव्या मुलांना सांगितलं, तांबं कसं सोडावं आणि कसं पुन्हा धरावं हे याच्याकडून शिका. टाळ्या झाल्या. धाकट्याने बक्षिसाचा चेक तसाच नेऊन भाऊजींपुढे ठेवला. त्यांनी तो बोटाने हळूच परत सरकवला. "तुझी सुरुवात आहे. राहू दे." पुढच्या वर्षी पुन्हा नेला, त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वेळी बोट, दर वेळी तेवढंच हळू. शेवटी ताई म्हणाली, "आता नको आणत जाऊस. त्यांना नाही म्हणायला त्रास होतो."

वर्षं गेली. साहेब निवृत्त झाले, त्यांच्या खोलीत धाकटा बसू लागला. आता मुलं त्याच्याकडे शिकायला येत. तो त्यांना चांगलं शिकवी. तोट्याचा सौदा आणि संरक्षणाचा सौदा यांतला फरक तो इतक्या वेळा सांगे की मुलं पाठीमागे त्याची नक्कल करत. मोठमोठे कारखानदार त्याला फोन करून विचारत, आता घ्यावं की थांबावं. त्यासाठी त्याला भरपूर पगार मिळे.

भाऊजी मात्र काहीही विचारत नसत. रागावलेले नव्हते. रविवारी गेला तर हसून दार उघडत, पाणी आणून देत, त्याच्या मुलांची चौकशी करत, पूर्वीसारख्याच कोट्या करत. अर्थमंत्री तेवढं म्हणत नसत. सुरुवातीला धाकट्याला वाटलं, जखम ताजी आहे, भरेल. मग तो मुद्दामच विषय काढू लागला. फ्रिज नवीन घ्यायचा म्हणता? अमुक कंपनीचा चांगला आहे. "हो का?" भाऊजी म्हणत, आणि पुढच्या रविवारी फ्रिज आलेला असे, कुठला तरी. एवढा मोठा साहेब, आणि आशा कशाची तर कुणीतरी आपल्याला खिडकीचा रंग विचारावा याची.

गेल्या रविवारी तो गेला तेव्हा भाऊजी कारखान्यातून निवृत्त होऊन आठवडा झाला होता. वरच्या मजल्यावर राहणारे ड्रायव्हरकाका येऊन बसले होते. हे गृहस्थ जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. बाजाराशी त्यांचा संबंध भाजीपुरता. ताईने तिघांची ताटं वाढली. भाऊजींनी घास उचलला, तो हातात तसाच धरला, आणि धाकट्याने मान वर केली.

"काय हो," भाऊजी ड्रायव्हरकाकांना म्हणाले, "कारखान्याने हातात रक्कम दिलीय. तुम्हाला काय वाटतं, कुठे ठेवू?"

काका गडबडले. "अहो, मला काय विचारता? हे शेजारी बसलेत ना तुमचे. यांना विचारायला लोक रांगा लावतात."

"त्याला एकच तर सुट्टी मिळते," भाऊजी मायेने म्हणाले आणि धाकट्याच्या ताटात भाजी वाढली. "सुखाने जेवू दे त्याला. तुम्ही सांगा."

काकांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, बरीचशी बँकेत ठेवा, वर्षभर पुरेल एवढी हाताशी ठेवा, आणि कुणी दामदुप्पट करून देतो म्हणाला तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवा. धाकट्याने अगदी हेच सांगितलं असतं, शब्दाला शब्द. भाऊजींनी समाधानाने मान डोलावली आणि घास तोंडात घातला. धाकटा खाली मान घालून जेवला. भाजी अळणी झाली होती की त्यालाच चव लागत नव्हती, कोण जाणे.

ताई त्याला दारापर्यंत सोडायला आली. आत दोघं म्हातारे कशावर तरी हसत होते.

"त्यांनी तुला माफ केलंय रे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कधीचंच. मनात काही नाही त्यांच्या."

"मग एकदा तरी..."

"मी म्हटलं होतं त्यांना, विचारा त्याला, बरं वाटेल त्याला. तर म्हणाले, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं यात शंका नाही. पण मी विचारलं की मला काय ऐकायचंय ते तो आधी बघतो, आणि तेवढंच सांगतो."

धाकट्याने चपला घातल्या. असं काही नाही, ताई, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण तिला तेच ऐकायचं होतं, आणि म्हणून त्याला ते म्हणता आलं नाही.